अक्काच्या उजव्या पायाचा बूट

सायकलचे बूट घ्यायला मी नांदेडच्या दुकानात गेले, तेव्हा दुकानदारानं पहिल्यांदाच विचारलं, "मॅडम, तळाला दोन भोकांचे दाखवू की तीन भोकांचे?"

मला काहीच उमगलं नाही. सायकल मी एका सहकाऱ्याच्या मुलाकडून घेतली होती. तो पुण्याला नोकरीला लागला आणि त्याची सायकल घरात अडगळ होऊन बसली. हलकी, पातळ चाकांची, देखणी होती. पण तिची पायडलं आपल्या नेहमीच्या सायकलसारखी रुंद नव्हती. मुठीत मावेल एवढा लोखंडी तुकडा आणि त्याला स्प्रिंगचा जबडा. चपलेनं त्यावर पाय ठरतच नव्हता. कॉलेजातल्या सकाळच्या तासांआधी मी दोनचार दिवस प्रयत्न केला, नडगी सोलून घेतली आणि मग दुकान गाठलं.

दुकानदारानं समजावून सांगितलं. ज्या बुटाला तळाला तीन भोकं असतात, त्याला मोठी प्लास्टिकची पट्टी बसते. ती बाहेर येते, त्यामुळे सायकलवरून उतरल्यावर बदकासारखं चालावं लागतं. दोन भोकांच्या बुटाला लहान लोखंडी पट्टी बसते, ती तळाच्या खोबणीत दडते आणि माणूस सरळ चालू शकतो. माझ्या पायडलांना दोन भोकांचेच चालणार होते. बायकांच्या मापाचे नव्हतेच. मग पुरुषांचा सगळ्यात लहान नंबर, आत एक जादा सोल, आणि वर फिरवून आवळायच्या चक्रीऐवजी साधे चिकटपट्टीचे बंद, असा स्वस्तातला जोड मी निवडला. बुटाचा तळ अंगठ्यानं दाबून पाहिला. तो वाकला नाही, तेव्हा बरं वाटलं.

दुकानदार पट्टी बसवायला खाली बसला. मी म्हणाले, "उजव्या बुटाची जरा तिरकी लावा. टाच आत, चवडा बाहेर."

त्यानं माझ्या पायाकडं पाहिलं. "कशाला? तुमचा पाय तर सरळ हाय."

माझा पाय सरळच होता. तिरका पाय अक्काचा. पण तोंडातून निघून गेलं होतं, आणि मग कितीतरी वेळ मी त्या दुकानातल्या स्टुलावर नुसतीच बसून राहिले.

अक्का माझी थोरली बहीण. आमचं गाव औशाच्या पुढं. घरं दगडामातीची, हातभर रुंद भिंतींची. त्या वर्षी गणपती बुडवून गाव निजलं आणि पहाटे जमीन हलली. आई, अण्णा आणि मी अंगणात झोपलो होतो, म्हणून वाचलो. अक्का अभ्यासाला दिवा हवा म्हणून आतल्या खोलीत काकूजवळ झोपली होती. भिंत दोघींवर आली. काकू गेली. अक्काला दुपारी बाहेर काढलं, तेव्हा तिचा उजवा पाय दगडाखाली होता. सोलापूरच्या दवाखान्यात ती कितीतरी आठवडे होती. परत आली तेव्हा त्या पायाची पुढची बोटं नव्हती, घोटा वाकत नव्हता, आणि पाऊल कायमचं बाहेरच्या अंगाला वळलेलं होतं.

अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. त्यांची बदली रेणापूरला झाली आणि आम्ही लातूरला रेणापूर नाक्याच्या अलीकडं दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. अण्णा एसटीनं जायचे-यायचे. लातूर निवडलं ते अक्कासाठी. दहावीला ती तालुक्यात वर होती, आणि तेव्हा लातूरला क्लासेसची नुसती धूम सुरू झाली होती. जळकोट, उदगीर, देगलूर, कुठून कुठून मुलं यायची. एकेका खोलीत चारपाच जण राहायचे. भल्या पहाटे गल्ल्या सायकलींनी भरून जायच्या. पत्र्याखाली, गच्चीवर, जिथं फळा टांगता येईल तिथं क्लास. अक्काचा फिजिक्सचा क्लास एका टोकाला, केमिस्ट्रीचा दुसऱ्या टोकाला आणि कॉलेज तिसरीकडं. चालत जाणं तिच्या पायाला शक्य नव्हतं. रोजची रिक्षा परवडणारी नव्हती.

"सायकल," अण्णा म्हणाले.

आईनं कपाळाला हात लावला. "अहो, तिला धड उभं राहता येईना, अन् सायकल?"

लेडीज सायकल आली. अक्का सीटवर बसायची, डाव्या पायानं दाबायची, आणि उजवा पाय रबरी पायडलावरून पुढं घसरायचा. पावलाच्या पुढच्या भागाला तिला काही जाणवतच नव्हतं. पाय घसरला हे तिला पायडल नडगीवर आदळल्यावरच कळायचं. पहिल्यांदा चप्पल घालून पाहिली. मग दवाखान्यातून मिळालेला बूट. तो इतका रुंद आणि जड होता की फिरताना पायडलाच्या दांडीला घासायचा. मग माझ्या शाळेच्या बुटांसारखेच पांढरे पीटीचे बूट, मोठ्या नंबरचे आणले. ते पायात छान बसले, पण तळ मऊ. घसरू नये म्हणून अण्णांनी दातेरी लोखंडी पायडल लावून आणलं, तर ते दात तळातून टोचायला लागले. अक्का काही बोलायची नाही. घरी येऊन मोजा काढायची, आणि मोज्यावर रक्ताचे ठिपके असायचे.

त्या काळात ती कशावरच काही बोलायची नाही. जेवायला बोलावलं तर यायची, विचारलं तर "हाव" म्हणायची, आणि पुस्तक उघडून भिंतीकडं पाठ करून बसायची. भिंतीला टेकून ती कधीच बसली नाही.

दिवाळीला नांदेडहून मामा आला. मामा पाटबंधारे खात्यात कारकून होता, पण तरुणपणी सायकलच्या शर्यतींत धावलेला. अक्काची नडगी त्यानं पाहिली आणि परत गेला. पुढच्या रविवारी पुन्हा दारात हजर, हातात एक पिशवी. पिशवीतून त्यानं एक पायडल काढलं. पायडलाच्या पुढं लोखंडी पट्ट्यांचा पिंजरा होता, जोड्याच्या टोकासारखा, आणि त्याला चामड्याचा बंद.

"ह्याच्यात पाय घातला की पुढं जाऊन जाईल कुठं?" मामा म्हणाला. "आमी ह्याच्यावरच पळायचो."

मग त्यानं आपला जुना शर्यतीचा बूट काढला. काळ्या चामड्याचा, वर बारीक भोकं, तळ लाकडासारखा कडक. अक्काला तो लांब होत होता, पण तिचा उजवा पाय सुजून रुंद झालेला, त्यामुळे रुंदीला बरोबर बसला. पुढच्या रिकाम्या जागेत आईनं कापूस भरला, वर जुन्या साडीचा तुकडा शिवून घातला. अक्कानं बूट घालून पाय जमिनीवर ठेवला. कडक तळामुळं काही टोचत नव्हतं.

"अन् डाव्या पायात?" तिनं विचारलं. कितीतरी दिवसांनी तिनं स्वतःहून काही विचारलं होतं.

डावा पाय चांगला होता, त्याला मामाचा बूट फारच मोठा. म्हणजे एका पायात काळा चामड्याचा, दुसऱ्यात पांढरा पीटीचा. अक्कानं बूट काढून ठेवला. "मी अशी क्लासला जानार न्हाई. पोरी बघतेत."

मी तेव्हा आठवीत होते. मला जे सुचलं ते मी केलं. अण्णांची काळ्या पॉलिशची डबी घेतली, मागच्या दारात बसले आणि पांढऱ्या डाव्या बुटाला एकावर एक हात देत सुटले, तो काळा होईपर्यंत. लांबून पाहिलं तर जोड वाटायचा. अक्कानं तो हातात घेऊन उलटापालटा केला आणि म्हणाली, "पाऊस आला तर, बारके?" पाऊस आला तेव्हा तिचा डावा मोजा खरंच काळा झाला, पण ते पुढं.

पाय पुढं घसरणं थांबलं, तरी आतबाहेर फिरायचाच. मामा म्हणाला, त्याला तळाला पट्टी लागते. दोन पट्ट्या, मध्ये फट. त्या फटीत पायडलाची मागची कड बसली की पाऊल हलत नाही. पट्टी कुठं लावायची हे कळावं म्हणून अण्णांनी शाळेतून आणलेला खडू पायडलाच्या कडेला फासला. अक्का घरासमोरच्या गल्लीत चकरा मारून आली. बूट उलटा केला तर तळावर पांढरी रेघ उमटलेली, चांगलीच तिरकी.

मामानं रेघ पाहिली आणि मान हलवली. "पाय सरळच पायजे. शर्यतीत टाच चेनकडं जाऊन चालत न्हाई." अण्णांनी जुन्या टायरच्या पट्ट्या कापल्या आणि बारीक चुका, म्हणजे जोड्याचे खिळे, ठोकून सरळ बसवल्या. दोन दिवस अक्का त्यावर क्लासला गेली, आणि दोन्ही दिवस संध्याकाळी गुडघा धरून बसली. तिसऱ्या दिवशी तिनं बूट अण्णांपुढं ठेवला.

"रेघ तिरकी आली हुती ना, अण्णा?"

"हो."

"मग पट्टी सरळ का लावली? पाय जसा हाय तशी लावा."

अण्णांनी चुका उपटल्या आणि पट्ट्या रेघेवर बसवल्या. गुडघ्याची तक्रार पुन्हा आली नाही.

तरी आई मला सांगायची, तू बरोबर जा. मी अण्णांची मोठी काळी सायकल काढायची. माझ्या टाचा पायडलाला टेकायच्या नाहीत, नुसती बोटं पुरायची. अक्का पुढं, मी मागं. पहिल्याच आठवड्यात नाक्यापाशी एक टेम्पो आडवा आला. बंद करकचून ओढलेला, हे अक्का विसरली. तिनं ब्रेक लावला आणि सवयीनं उजवा पाय टेकायला गेली. पाय पायडलालाच बांधलेला. सायकलसकट ती हळूच, अगदी सावकाश, झाड कलंडावं तशी रस्त्यावर आडवी झाली.

लोक धावले. एक भाजीवाली पाटी खाली ठेवून आली आणि पायाकडं बघून किंचाळली, "अगं बया, पोरीला सायकलीला बांधलंय की कोनी!"

मी सायकल टाकून धावले. वाटलं, आता ही रडेल, आता पुन्हा कधी सायकलवर बसणार नाही. अक्का रस्त्यावर पडल्या पडल्या हसत होती. हसता हसता तिला बंद सोडवेना. "सोड ना गं," ती मला म्हणत होती, आणि मला बकल दिसत नव्हतं, कारण मीही हसून बेजार झाले होते. ती भाजीवालीही हसायला लागली. भूकंपानंतर अक्काचा हसण्याचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. त्यानंतर तिनं बंद नेहमी सैल ठेवला आणि डावाच पाय टेकायची सवय लावून घेतली.

मग ते एक वर्ष. त्या वर्षाबद्दल मला किती सांगावंसं वाटतं, आणि सांगण्यासारखं त्यात फार काही नाही. आम्ही पहाटे निघायचो. रस्ते गार असायचे. अक्का चालताना लंगडायची, लोक वळून बघायचे. सायकलवर मात्र ती लंगडत नव्हती. सायकलवर ती इतर मुलींसारखीच होती, उलट त्यांच्यापेक्षा वेगात. कारण तिचा उजवा पाय पायडल नुसतं दाबायचा नाही, वरही ओढायचा. चढावर ती मला मागं टाकायची आणि वर जाऊन थांबायची, डावा पाय टेकून, मान मागं वळवून.

आणि ती बोलायची. घरात मुकी असलेली अक्का सायकलवर अखंड बोलायची. काल शिकवलेलं सगळं मला सांगायची. मला आठवीत त्यातलं काय कळणार? पण ती म्हणायची, "तू फक्त हाव म्हण." मी हाव म्हणायची. कुठल्या मुलीची वेणी कशी, केमिस्ट्रीचे सर फळा पुसताना नाक कसं धरतात, मोठी झाल्यावर ती कुठं राहणार. क्लास सुटला की कोपऱ्यावरच्या गाड्यावर आम्ही एक प्लेट सुशीला, म्हणजे फोडणीचे चुरमुरे, घ्यायचो, वर शेव जास्त मागून. सायकलवरून न उतरता, एक पाय टेकून, दोघींत एक प्लेट. मग ती कॉलेजला वळायची आणि मी शाळेला.

बारावीचा निकाल आला. मेडिकल थोडक्यात हुकलं. अक्काला नांदेडला फार्मसीला प्रवेश मिळाला आणि ती मामाकडं राहायला गेली. मामाच्या घरापासून कॉलेजची बस होती. सायकल तिनं मला ठेवली.

"पायडल बदलून घे," ती म्हणाली. "तुला कशाला पिंजरा?"

मी बदललं नाही. दहावीपर्यंत, मग अकरावी-बारावीला, मी त्याच सायकलवर त्याच क्लासना गेले. दरम्यान लातूर आणखी भरलं होतं. पहाटेच्या रस्त्यावर सायकलींमधून वाट काढावी लागायची. क्लासच्या पाट्या चौकाचौकांत लागल्या, पत्र्यांच्या जागी इमारती आल्या. इतकी मुलं माझ्या पुढंमागं असायची, आणि मला कुणाशी बोलावंसं वाटायचं नाही. माझा साधा बूट त्या पिंजऱ्यात लटपटायचा. चढावर पोचल्यावर मी उगीच थांबायची. मागच्या मुली घंटी वाजवायच्या, "चल की गं, का थांबून राहिलीस?"

अक्का सुट्टीला आली की मी सायकल पुसून ठेवायची. ती सायकलकडं बघायचीही नाही. मी एकदा म्हणाले, "चल, एक चक्कर." ती म्हणाली, "नको, पाय दुखून राहिलाय." पुढं तिला बेंगळुरूला औषधांच्या कंपनीत नोकरी लागली, तिथंच लग्न झालं, मुलगी झाली. चांगला बूट तयार करून मिळाला, त्यात तिचं लंगडणं फारसं कळतही नाही. ती पुन्हा कधीच सायकलवर बसली नाही.

मीही नांदेडलाच स्थिरावले. मामा दोन गल्ल्या पलीकडं राहायचा. गेल्या हिवाळ्यात तो गेला. अक्का दिवसांना आली, माझ्याकडं उतरली. कोपऱ्यात माझी सायकल आणि बूट पडलेले. अक्कानं एक बूट उचलला, उलटा केला, तळाच्या लोखंडी पट्टीवरून बोट फिरवलं.

"हे नवीन खूळ काय गं?"

मी तिला सगळं सांगितलं. पायडल कसं, टाच बाहेर वळवली की पाय कसा कट्टकन सुटतो. सांगता सांगता मी लातूरला पोचले. पॉलिशची डबी, खडूची रेघ, सुशीलाचा गाडा. मी विचारलं, "अन् नाक्यावर पडलीस तेव्हा किती हसलीस, आठवतं?"

"मी हसले?"

"लई. बकल सुटेना आपल्याला."

तिनं बूट खाली ठेवला. "मला आठवत न्हाई. पडले हुते ते आठवतंय. क्लासला उशीर झाला हुता." मग म्हणाली, "राग मानू नको, पण मला त्या वर्षातलं काहीच नकोय. सकाळी उठले की आधी काकू आठवायची. दिवसभर ती डोक्यात. सायकलवर मी बडबड करायची ना, ती त्याच्यासाठी. थांबले की ती यायची."

माझ्या आयुष्यातली सगळ्यात आवडती सकाळ तिला पुन्हा नको होती, आणि तिनं ते इतक्या साधेपणानं सांगितलं की मला रागही आला नाही, रडूही आलं नाही. मी चहा टाकला. आम्ही मामाबद्दल बोललो, तिच्या मुलीबद्दल बोललो. मुलीला गणित आवडत नाही, चित्रं काढते.

ती परत निघाली त्या दिवशी बेंगळुरूची गाडी सुटायला उशीर होता. फलाटावर आम्ही बाकावर बसलो. गाडी लागली तेव्हा अक्का उठली आणि डब्याकडं चालत निघाली, तिच्या त्या जपून टाकलेल्या पावलांनी. मी बॅग घेऊन तिच्या बाजूनं. दारात उभी राहून ती म्हणाली, "तू काय काय लक्षात ठेवलंयस गं. फोनवर सांगत जा मला. पण हळूहळू सांग. एकदम नको."

"सांगेन," मी म्हणाले.

रविवारी मी फोन केला आणि तिला केमिस्ट्रीच्या सरांची फळा पुसताना नाक धरायची सवय सांगितली, बाकी काही नाही. मग ती म्हणाली, "हाव गं. खरंच धरायचे."